आजची भाकर, उद्याचं टेन्शन

पॅकेज वाढतंय, ईएमआय वाढतोय आणि झोप मात्र कमी होतेय. अशात धुळ्यातल्या एका छोट्याशा चर्चमध्ये परीक्षेत नापास झालेली एक मुलगी उभी राहून देवाचे आभार मानते. समाधान म्हणजे नेमकं काय? ते जन्मजात असतं की शिकता येतं? एक शेजारीण मावशी आणि काही जुनी मराठी माणसं यांच्या सोबतीने घेतलेला हा शोध.

मे महिन्यातला धुळ्याचा रविवार. सकाळचे साडेनऊच वाजलेत, पण ओट्यावर पाय ठेववत नाही असं ऊन. आजीच्या घराच्या सावलीत बसून मी मोबाईलवर बँकेचा मेसेज आलाय का ते चौथ्यांदा बघतेय. रविवारी कुठलं अकाउंट्स डिपार्टमेंट पैसे सोडतं? तरीही बघतेय. फेब्रुवारीत केलेल्या कामाचे पैसे 'या आठवड्यात नक्की' मिळणार होते. मग ते पुढच्या आठवड्यात गेले. मग साहेब सुट्टीवर गेले. फ्रीलान्सर मंडळींना हा सिनेमा डायलॉगसकट पाठ असतो.

"काय गं, त्या फोनमधून काही बाहेर पडणार आहे का?"

शेजारच्या मावशी. आख्खी गल्ली त्यांना 'सिस्टर' म्हणते, कारण त्यांचं आयुष्य नर्सच्या नोकरीत गेलं. माझ्या आईच्या लहानपणापासून आजीच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. दिवाळीचा फराळ इकडून तिकडे आणि नाताळच्या करंज्या तिकडून इकडे, हा व्यवहार आमच्या जन्माच्या आधीपासूनचा. पांढरी साडी, हातात पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र आणि चष्म्याची केस. "चल आज उपासनेला. काही नाही तर पंख्याखाली तरी बसशील."

पंख्याच्या मोहाने मी गेले, हे प्रामाणिकपणे सांगते.

नापास झाल्याचे आभार?

चर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातलं चर्च येतं. उंच मनोरे, रंगीत काचा, व्हायोलिन. इथे तसं काही नव्हतं. बसकी इमारत, दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंज्या, पेटी आणि तबला. गाणी अस्सल मराठी. डोळे मिटले असते तर एखाद्या भजनी मंडळात बसल्यासारखं वाटलं असतं.

खान्देशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा इतिहास साधारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. अमेरिकन आणि स्कॅन्डिनेव्हियन मिशनरी या भागात आले. पुढे गावोगावी लहान मंडळ्या उभ्या राहिल्या, शाळा आणि दवाखाने निघाले. नवापूरजवळचं चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल आजही त्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. भुसावळची गोष्ट थोडी वेगळी, तिथे रेल्वेने माणसं आणली आणि माणसांबरोबर चर्चही आलं. पण धुळे-जळगावचा बहुतेक ख्रिस्ती माणूस हा इथल्याच मातीतला. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि कुणी 'कसं शे?' विचारलं की 'बरं शे' म्हणणारा.

गाणी झाली आणि 'साक्ष' सुरू झाली. साक्ष म्हणजे ज्याला बोलायचंय त्याने उभं राहून आठवड्याभरात देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. एका काकांनी कापूस विकला गेल्याबद्दल आभार मानले. भाव पडलेला होता, तेही सांगितलं. एका आजींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट झाली होती. आणि मग माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असलेली एक मुलगी उभी राहिली. एमपीएससीची पूर्वपरीक्षा दुसऱ्यांदा हुकली होती. आवाज थरथरत होता. तरी ती म्हणाली, मला देवाचे आभार मानायचेत.

मी सरळ बसले. आभार? कशाचे? आमच्या पिढीला आभार मानायला काहीतरी घडावं लागतं. ऑफर लेटर, प्रमोशन, फ्लॅटचं पझेशन, निदान फॉरेनचं व्हेकेशन. हिच्याकडे तर यातलं काहीच नव्हतं.

परत येताना मी मावशींना तेच विचारलं. त्या पदराने घाम पुसत म्हणाल्या, "अगं, नापास झाल्याचे नव्हते ते आभार. वेडी आहे का ती? या सगळ्यात आपण एकटे नाही, याचे होते."

जेलमधून आलेली दोन प्रवचनं

हे 'एकटे नाही' प्रकरण नीट समजून घ्यायचं तर बायबलमधल्या एका पत्राकडे जावं लागतं. फिलिप्पै नावाच्या शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पौलाने लिहिलेलं हे पत्र. लिहिताना तो कैदेत होता. खटला चालू, निकाल माहीत नाही, शिक्षा मृत्यूचीही होऊ शकते. आणि अशा वेळी तो लिहितो की, हाताशी भरपूर असो वा काहीच नसो, कोणत्याही परिस्थितीत समाधानी कसं राहायचं ते मी शिकलो आहे.

या सगळ्यात महत्त्वाचा शब्द कोणता? 'शिकलो'. म्हणजे हे गुण जन्मासोबत येत नाहीत. पौल काही थंड डोक्याचा, 'चिल' स्वभावाचा माणूस नव्हता. त्याची पत्रं वाचली की कळतं, तो चिडायचा, रडायचा, वाद घालायचा. समाधान त्याला स्वभावाने मिळालं नव्हतं, अभ्यासाने आलं होतं.

दुसरी गंमत त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दात आहे. त्या काळातले स्टोइक तत्त्वज्ञ तो शब्द स्वयंपूर्ण माणसासाठी वापरायचे. ज्याला कुणाची गरज नाही, ज्याला कशाचा फरक पडत नाही, असा माणूस. आजच्या सेल्फ-हेल्पच्या पुस्तकांतला हिरो जवळपास हाच! पौलाने शब्द तोच घेतला, पण अर्थ उलटा केला. त्याचं म्हणणं, मी पुरा पडतो कारण मला बळ देणारा दुसराच कुणीतरी आहे. आणि लक्षात घ्या, हे पत्र मुळात आभाराचं आहे. फिलिप्पैच्या लोकांनी त्याला कैदेत मदत पाठवली होती, ती मिळाल्याचं तो कळवतोय. म्हणजे समाधानी माणसाला गरजा नसतात असं नाही. त्याला मदत लागते, ती तो घेतो आणि मोकळेपणाने 'मिळाली' म्हणतो.

धुळेकरांना जेलमधलं अध्यात्म नवीन नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भाव्यांनी गीतेवर प्रवचनं दिली. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, असे अठरा रविवार आणि अठरा अध्याय. समोर कैदी बसलेले आणि साने गुरुजी भराभर लिहून घेताहेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्याला मिळालं ते असं. याच विनोबांनी पुढे ख्रिस्ती शिकवणुकीचं सार सांगणारं पुस्तकही तयार केलं.

गीतेची वाट वेगळी, पौलाची वेगळी. दोन्हींची मिसळ करायची गरज नाही. पण अंगावर भिंती आल्या असताना माणूस मोकळा कसा राहतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. आपल्या भिंती वेगळ्या. क्यूबिकलच्या, क्रेडिट कार्डच्या, शेजाऱ्याच्या नव्या गाडीच्या.

धरणगावचा पोरगा आणि नगरचं घर

थिअरी पुरे. एखादं घर बघू या, जिथे हे रोजच्या जगण्यात उतरलं होतं. त्या घराची एक खिडकी खान्देशात उघडते.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. धरणगावचा सतरा वर्षांचा एक मुलगा तिथे कविता म्हणून गेला आणि सगळे थक्क झाले. त्र्यंबक बापूजी ठोमरे त्याचं नाव. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं आणि मराठीला ते नाव कायमचं मिळालं. पुढे हा मुलगा अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाई टिळकांनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. तो ख्रिस्ती झाला नाही आणि त्याच्यावरची माया त्यामुळे कमी झाली नाही.

टिळकांचं हे घर म्हणजे अजब प्रकार. टिळक मूळचे कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृतचे जाणकार, हाडाचे कवी. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरावर आभाळ कोसळलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग परत आल्या आणि पुढे स्वतःच्या विचाराने त्याही ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. कुणी मागितलं की दिलं. दारात कुणी उभं राहिलं की ते घरातलं झालं. माणसं भरपूर, डबे रिकामे, असा संसार.

हे सगळं आपल्याला कळतं लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईंनी मराठीतलं एक अस्सल आत्मचरित्र लिहिलं. अजून वाचलं नसेल तर आजच घ्या. यातली खरी मजा अशी की लक्ष्मीबाई समाधानाचा आव आणत नाहीत. त्या नवऱ्यावर चिडतात, भांडतात, स्वतःच्या सोवळ्या-ओवळ्यावर हसतात. उद्याचं काय, ही काळजी त्यांनाच जास्त. पण वाचता वाचता लक्षात येतं की या बाईच्या बोलण्यात कडवटपणा नाही. संसाराने इतके धक्के देऊनही नाही. हे कुठून आलं असेल?

टिळक स्वतः म्हणत की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. समाधानावरचा तुकोबांचा अभंग आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. टिळकांनी तो वारसा टाकला नाही, तो घेऊन ते पुढे गेले. म्हणूनच मराठी चर्चमध्ये आज जी गाणी म्हटली जातात, त्यातली बरीच टिळकांची आहेत आणि ती ऐकताना अभंग ऐकल्यासारखं वाटतं.

आणि मग १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली. ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगायचं ठरवलं. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. सर्व प्रकारच्या माणसांनी ख्रिस्ताभोवती भावासारखं एकत्र यावं, ही त्यामागची कल्पना. महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा बंद झाला, देव देईल त्यावर भागवायचं. आज कुणी असं केलं तर आपण त्याला एचआरकडे नाही, डॉक्टरकडे पाठवू! दोनच वर्षांत, ९ मे १९१९ ला, टिळक गेले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरं शिकवली, तिने त्याच्या महाकाव्याचे साठहून जास्त अध्याय लिहिले.

दोन हजार माणसं आणि रिकामी तिजोरी

'एका घराचं ठीक आहे हो, पण मोठ्या जबाबदाऱ्या असल्या की हे चालत नाही,' असं कुणी म्हणेल. मग पंडिता रमाबाईंकडे चला.

रमाबाईंच्या आयुष्याची सुरुवातच हिशेब चुकल्यासारखी. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेले. मग भाऊ गेला. लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत, १८८२ साली, नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात छोटी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, विधवा आणि निराधार मुलींसाठी. त्यासाठी अमेरिकेतल्या हितचिंतकांनी दहा वर्षं पैसे देण्याचं वचन दिलं होतं.

१८९६-९७ चा दुष्काळ आला आणि सगळं गणित बदललं. रमाबाई स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली माणसं जवळपास दोन हजारांवर गेली. अमेरिकेच्या वचनाची दहा वर्षं १८९८ साली संपत आली. मदत करणारी नवी संस्था उभी राहिली खरी, पण एवढी माणसं कुठल्याच जुन्या हिशेबात बसणारी नव्हती.

रमाबाईंनी काय केलं? प्रार्थना केली. आणि विहिरी खणल्या. शेती केली, माग बसवले, छापखाना काढला, मुलींना काम शिकवलं. त्यांच्यासमोर जॉर्ज म्युलर यांचं उदाहरण होतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला म्युलरनी हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि कुणाकडे हात न पसरता गरज फक्त देवाला सांगायची हे व्रत पाळलं.

रमाबाईंचं मला सगळ्यात काय आवडतं? त्यांचा विश्वास हातावर हात ठेवून बसलेला नाही. येशू पाखरांचं उदाहरण देतो, ती पेरत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी त्यांना खायला मिळतं. पण पाखरं घरट्यात बसून चोच उघडी ठेवत नाहीत ना? सकाळपासून त्यांची धावपळ चालू असते. ती करत नाहीत ती एकच गोष्ट, काळजी.

जुन्या करारात मान्न्याची गोष्ट आहे. वाळवंटातल्या इस्राएली लोकांना रोज सकाळी त्या दिवसापुरतं अन्न मिळायचं. ते बाहेर जाऊन गोळा करावं लागायचं, म्हणजे काम होतंच. पण उद्यासाठी चोरून ठेवलं की त्यात किडे पडायचे. अपवाद फक्त विश्रांतीच्या आदल्या दिवशीचा, त्या दिवशी दुप्पट गोळा करायला परवानगी. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजची. वर्षाचा किराणा नाही आणि रिटायरमेंटचा कॉर्पसही नाही. मावशींना मी विचारलं, "म्हणजे एफडी करायची नाही का?" त्या हसल्या. "माझी आहे की पोस्टात. पण रात्री मी तिच्यावर डोकं ठेवून झोपत नाही."

चिमणी पडते तेव्हा

इथपर्यंत सगळं छान. पण खरा प्रश्न पुढेच आहे. देव काळजी घेतो, तर मग वाईट का होतं?

५ मे १९१८. जळगावच्या पुढचं भादली स्टेशन. रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय सत्तावीस. माझ्याच वयाचा माणूस. 'औदुंबर', 'फुलराणी' लिहिणारा, आणि नगरच्या त्या घरातला लाडका पोर. जळगाव-भुसावळ मी शेकडो वेळा केलंय आणि भादली आलं की अजूनही खिडकीबाहेर बघायला धीर होत नाही. रमाबाईंची मनोरमा, जिच्यावर मुक्तीची सगळी भिस्त होती, ती १९२१ साली आईच्या डोळ्यांदेखत गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत, ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. मग काळजी कुठे घेतली देवाने?

हल्ली काही प्रचारक सांगतात, विश्वास ठेवा, गाडी येईल, बंगला येईल, आजार पळेल. टीव्हीवर आणि मोबाईलवर असले कार्यक्रम ढिगाने. पण ज्या शुभवर्तमानात पाखरांची गोष्ट आहे, तिथली फुलांची गोष्ट नीट वाचली की हा दावा टिकत नाही. येशू रानातल्या फुलांचं कौतुक करतो, शलमोन राजापेक्षाही त्यांचा थाट मोठा म्हणतो आणि त्याच दमात सांगून टाकतो की हे गवत आज आहे आणि उद्या भट्टीत जाणार. आणखी एका ठिकाणी तो चिमण्यांबद्दल बोलतो. बाजारात कवडीमोलाने विकल्या जाणाऱ्या चिमण्या. तो असं म्हणत नाही की एकही चिमणी पडणार नाही. तो म्हणतो, पडली तरी ती पित्याच्या नजरेबाहेर पडत नाही.

फरक कळतोय? हा काही इन्शुरन्स नाही. हे कुणीतरी सोबत असण्याचं वचन आहे.

मावशींचे यजमान शेवटची सहा वर्षं अंथरुणावर होते. दिवसा दवाखान्यात दुसऱ्यांची शुश्रूषा, रात्री घरात नवऱ्याची. मला ते दिवस अंधुक आठवतात. मी विचारलं, "तेव्हा प्रार्थना ऐकली का देवाने?" मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ते बरे व्हावेत म्हणून केली, ती नाही ऐकली. मला चीड येऊ नये म्हणून केली, ती ऐकली. रोज नाही. पण बहुतेक दिवस."

'बहुतेक दिवस.' या दोन शब्दांसाठी मला मावशी कुठल्याही मोटिव्हेशनल स्पीकरपेक्षा जवळच्या वाटतात.

समाधानी म्हणजे गप्प नव्हे

अजून एक शंका, आणि ती माझी स्वतःची. समाधान, समाधान म्हणत राहिलं की अन्याय करणाऱ्याचंच फावतं ना? ज्याचा पगार थकलाय, ज्याच्या कापसाला भाव नाही, त्याला 'आहे त्यात खूश राहा' सांगणं हे कुणाच्या सोयीचं?

बायबल इथे स्पष्ट आहे. याकोबाच्या पत्रात शेतातल्या मजुरांची मजुरी अडकवणाऱ्या श्रीमंतांना असं झापलंय की वाचताना कान गरम व्हावेत. अडवलेली ती मजुरीच आरडाओरडा करते आणि तो देवाच्या कानापर्यंत पोचतो, असं तो लिहितो. रमाबाई आयुष्यभर व्यवस्थेशी भांडल्या. लक्ष्मीबाईही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. समाधान दुसऱ्याला उपदेश म्हणून द्यायची गोष्ट नाही, ते स्वतः शिकायचं असतं. समाधानी माणूस भांडतोही, पण त्याची झोप त्या भांडणाच्या निकालावर टांगलेली नसते.

खान्देशातल्या मंडळ्यांमध्ये हंगामाची उपकारस्तुती असते. पीक हाती आलं की लोक ज्वारी, वांगी, अंडी, कोंबडी, जे असेल ते घेऊन येतात. मग त्याचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. ज्याचं पीक गेलं तोही येतो. कुणाची तरी कोंबडी चढ्या भावाने विकत घेतो आणि हसत घरी जातो. आपल्या ऑफिसच्या 'टीम बाँडिंग'पेक्षा हे मला जास्त खरं वाटतं.

करून बघा

श्रद्धा कुठलीही असो, या काही सवयी मावशींकडून उसन्या घेण्यासारख्या आहेत.

• रात्री फोन बाजूला ठेवल्यावर दिवसातल्या तीन गोष्टींचे आभार. त्यातली एक अगदी छोटी हवी. वेळेवर आलेली एसटी चालेल.

• काळजीला तारीख द्या. आजचं काम आज. उद्याच्या काळजीला उद्या भेटायचं.

• आठवड्यातला एक दिवस कमाईशिवायचा. त्या दिवशी लॅपटॉप उघडला नाही तर जग बुडत नाही, हे दर आठवड्याला नव्याने कळतं.

• मिळकतीतला ठरलेला हिस्सा आधी बाजूला काढायचा, दुसऱ्यासाठी. मावशी दशांश देतात. पैसा आपल्याला धरून नाही, आपण त्याला धरून आहोत, हे त्यातून लक्षात येतं.

• मदत लागली तर मागा. मिळाली तर 'मिळाली' म्हणा.

संध्याकाळची गाडी

संध्याकाळी जळगावची गाडी पकडायची होती. मावशींनी डबा दिला. कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर दोन केळी. "उद्याचं उद्या बघ," म्हणाल्या आणि डोक्यावर हात ठेवून पुटपुटल्या. मला वाटलं आशीर्वाद देताहेत, पण ती प्रार्थना होती. माझं नाव ऐकू आलं. कुणीतरी आपलं नाव घेऊन देवाशी बोलतंय, हे ऐकणं विचित्र असतं. घशात काहीतरी अडकतं.

पारोळा मागे पडलं, एरंडोल आलं. खिडकीतून गरम वारा येत होता आणि दूर केळीच्या बागा काळसर दिसत होत्या. मला अचानक चर्चमधली ती मुलगी आठवली. तिने आभार मानले, पण शेवटी एक वाक्य जोडलं होतं, ते मी सकाळी नीट ऐकलंच नव्हतं. सोमवारपासून पुन्हा अभ्यासाला बसणार आहे, असं ती म्हणाली होती.

मी फोन काढला. बँकेचा मेसेज बघायला नाही. त्या थकलेल्या बिलासाठी मेल लिहिला. चार ओळी, तारखा, रक्कम, विनंती. आवाज चढवला नाही, लाचारीही केली नाही. याआधीचे तीन मेल लिहिताना माझे हात थरथरले होते. या वेळी नाही.

पैसे अजून आलेले नाहीत. भाकरी मात्र एरंडोलच्या पुढेच संपली होती.